कॉपीराइटच्या नावाखाली सेन्सॉरशिप येत असेल तर हरकत कशी घ्यायची

पायरसी थांबवायला म्हणून एखादा नवा कायदा, दुरुस्ती किंवा नियमांचा मसुदा आला की दोन दिवस सगळीकडे बोंबाबोंब होते, हॅशटॅग फिरतो, कोणीतरी पिटिशनची लिंक टाकतं, आपण सही करतो आणि कामाला लागतो, आणि तिकडे दिल्लीत मसुदा आपल्या गतीनं पुढे सरकत राहतो, हरकती-सूचना पाठवायची मुदत कधी संपली ते आपल्याला कळतही नाही. ती मुदत वाया जाऊ नये म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. मी वकील नाही, दादरला व्हिडिओ एडिटिंग करते, मंडळांचे कार्यक्रम, नाटकांचे प्रोमो, छोट्या यूट्यूब चॅनेलची कामं, त्यामुळे क्लेम (व्हिडिओतलं गाणं किंवा चित्र आमचं आहे असा दुसऱ्याचा दावा) आणि स्ट्राइक (मालकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलच्या नावावर लागणारा ठपका) हे रोजचंच आहे.

आधी आपली बाजू नीट ठरवा. पायरसी चुकीचीच आहे, आणि मुंबईत बसून तरी आपण याबद्दल गुळमुळीत बोलू नये, कारण सिनेमा चोरीला गेला की नुकसान फक्त प्रोड्यूसरचं होत नाही, गोरेगावात सेटवर राबणाऱ्या माणसाच्या पुढच्या कामावरही त्याचा परिणाम होतो. कॉपीराइट कायदा चांगलाही असू शकतो. २०१२ ची दुरुस्ती बघा, सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं तर त्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा निर्मात्याला स्वतःकडे लिहून घेता येणार नाही हे तिनंच कायद्यात आणलं, आणि त्याच दुरुस्तीनं तक्रारीवरून मजकूर अडवायला २१ दिवसांची मर्यादाही घातली, त्याबद्दल पुढे येतेच. तेव्हा आपली हरकत आहे ती एका ठराविक गोष्टीला: कोर्टात न जाता, समोरच्याला न विचारता, नुसत्या तक्रारीवर किंवा मशीनच्या सांगण्यावर कोणाचंही म्हणणं इंटरनेटवरून गायब करण्याचा अधिकार. हे पत्रात पहिल्या ओळीत लिहिलं नाही तर तुमचं पत्र पायरसीवाल्यांच्या गठ्ठ्यात जातं.

हा अधिकार इतका धोक्याचा का, ते समजायला आपल्याकडचीच गोष्ट पुरे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून आयटी कायद्याच्या ६६ए कलमाविरुद्ध (ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करता येणारं कलम) श्रेया सिंघल केस उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं. त्याच निकालात कोर्टानं असंही सांगितलं की प्लॅटफॉर्मनं मजकूर काढायचा तो कोर्टाचा आदेश किंवा सरकारची नोटीस आल्यावर, कोणीही ईमेल केला म्हणून नाही. पण २०१६ च्या डिसेंबरमध्ये मायस्पेस या साइटच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टानं म्हटलं की कॉपीराइटच्या बाबतीत कोर्टाच्या आदेशाची गरज नाही, मालकानं नेमकं कुठलं गाणं, सिनेमा किंवा व्हिडिओ ते सांगून कळवलं तरी पुरे. मालकांच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं आहे, शिवाय आपणहून सगळं तपासत बसायची सक्ती प्लॅटफॉर्मवर नाही हेही त्याच निकालात आहे. पण याचा अर्थ असा झाला की तुमच्यावरची टीका तुम्हाला आवडली नाही तर बदनामीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि त्या टीकेच्या व्हिडिओत तुमची पाच सेकंदांची क्लिप असली तर कॉपीराइटचा फॉर्म भरला की काम होतं. ज्याला एखादी गोष्ट दाबायची आहे तो दुसराच रस्ता धरणार ना. २०२५ च्या मे महिन्यात एका वृत्तसंस्थेच्या स्ट्राइकवरून यूट्यूबर्सनी जो आवाज उठवला तो याचमुळे, काही सेकंदांच्या क्लिप वापरल्या म्हणून स्ट्राइक आले आणि ते मागे घ्यायला लाखांतले आकडे मागितले गेले असं त्यांनी जाहीर सांगितलं. नवा कायदा हे दार आणखी उघडतोय की बंद करतोय, मसुद्यात बघायचं ते हेच.

मसुदा वाचताना घाबरू नका, सगळा वाचायची गरजही नसते. व्याख्या वाचा, मग "ब्लॉक", "अ‍ॅक्सेस", "इंटरमीडियरी", "टेकडाउन", "प्रोअ‍ॅक्टिव्ह" हे शब्द सर्च करा (इंटरमीडियरी म्हणजे लोकांचा मजकूर दाखवणारी कंपनी, टेकडाउन म्हणजे मजकूर काढणं, प्रोअ‍ॅक्टिव्ह म्हणजे तक्रार यायच्या आधी आपणहून) आणि ज्या कलमात ते सापडतील ती कलमं प्रिंट काढून पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक कलमाला विचारायचं: काढायचं की ठेवायचं हे कोण ठरवणार, जज, अधिकारी, कंपनी की सॉफ्टवेअर? किती तासांत? ज्याचा मजकूर आहे त्याला आधी कळणार की नंतर की कधीच नाही? खोटी तक्रार केली तर तक्रार करणाऱ्याचं काय वाकडं होणार? आणि एक लिंक बंद होणार की अख्खी साइट?

या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबते, कारण यात आपल्याकडे भरपूर इतिहास आहे आणि तो हरकतीत वापरता येतो. २०१२ मध्ये मद्रास हायकोर्टातून दोन सिनेमांसाठी अज्ञात लोकांविरुद्ध आदेश घेतले गेले, आपल्याकडे त्या अज्ञात माणसाला कोर्टाच्या कागदावर "अशोक कुमार" म्हणतात, आणि मे महिन्यात इंटरनेट कंपन्यांनी सरळ व्हिमिओसारख्या अख्ख्या साइट बंद करून टाकल्या, जिथे हजारो लोकांनी स्वतःचं काम ठेवलेलं होतं. जूनमध्ये कोर्टानं स्पष्ट केलं की आदेश ठराविक लिंकपुरता आहे, अख्ख्या साइटसाठी नाही. दोन वर्षांनी फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी दिल्ली हायकोर्टात बंद करायच्या ४७२ साइटची यादी गेली आणि त्यात गूगल डॉक्सही होतं! नंतर ती यादी २१९ वर आली. म्हणजे अर्ध्याहून जास्त नावं गळाली, आणि ती मुळात कोणीतरी वकिलामार्फत कोर्टाला दिलेली यादी होती. कोर्ट मध्ये असताना हे होतं, तर कोर्ट काढून टाकल्यावर काय होईल हा प्रश्न तुमच्या पत्रात यायलाच हवा.

याच्या उलट चांगलं उदाहरण आपल्या फोर्टमधलंच आहे. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर एका हिंदी सिनेमाच्या रिलीजआधी शंभरावर साइट बंद करायची मागणी आली, त्यांनी ती तशी मान्य केली नाही, नेमक्या लिंक द्या, त्या तपासल्यात ते दाखवा, आणि लोकांना जो ब्लॉकचा मेसेज दिसेल त्यात केसची माहिती द्या म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो कोर्टात येऊ शकेल, असं सांगितलं. त्याच सुमारास मोबाइलवर "ही लिंक बघणंही गुन्हा, तीन वर्षं तुरुंग" छापाचा मेसेज दिसायला लागला आणि लोक धास्तावले, तेव्हा नुसतं बघणं हा गुन्हा नाही हेही याच कोर्टानं स्पष्ट केलं. मसुद्यात यापेक्षा कमी काळजी घेतलेली असेल तर "निदान मुंबई हायकोर्टानं २०१६ मध्ये घातलेल्या अटी तरी कायद्यात घाला" ही मागणी अगदी वाजवी आहे आणि कुठलाही अधिकारी तिला अतिरेकी म्हणू शकत नाही.

नंतरचा प्रवास मात्र वेगाच्या दिशेनं झालाय. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं नाव बदलून परत येणाऱ्या साइटसाठी नवा दावा न लावता यादीत भर घालायची सोय केली, आणि २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत चोरून रेकॉर्डिंगला किमान ३ महिने तुरुंग आणि ३ लाख दंड आला, वर दंड निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात माहिती-प्रसारण खात्यानं सेन्सॉर बोर्ड आणि पीआयबी या सरकारी माहिती कार्यालयात पायरसीच्या तक्रारी घेणारे नोडल अधिकारी नेमले, त्यांचा आदेश आला की ४८ तासांत लिंक बंद. या रस्त्यात कोर्ट येतच नाही.

घाई झाली की काय होतं त्याचा एक सरळ पुरावा आहे. २०११ च्या आयटी नियमांत तक्रारीनंतर ३६ तास होते, तेव्हा बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीकडून एक प्रयोग झाला, सात वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मना मुद्दाम सदोष तक्रारी पाठवल्या. सातातल्या सहा जणांनी गरजेपेक्षा जास्त मजकूर काढून टाकला. त्यांचंही बरोबर आहे हो, ठेवलं तर कोर्टाची भीती, काढलं तर कोणी विचारत नाही, मग कंपनीचा माणूस काढणारच.

तुलनेला सध्याचा कायदा हाताशी ठेवा, म्हणजे नवं कलम पुढे नेतंय की मागे ते कळतं. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२ हे तुमचं मुख्य कलम: टीका, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, अभ्यास, शिकवणं यासाठी वापर करता येतो, आणि खऱ्याखुऱ्या धार्मिक कार्यक्रमात गाणी वाजवणं हेही त्यात आहे, लग्नाची वरातसुद्धा. ५२(१)(सी) मध्ये ते २१ दिवस आहेत, मालकानं लेखी तक्रार केली तर मजकूर अडवायचा, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत चालू करता येतो. तक्रार आल्यावर मजकूर अडवायची ३६ तासांची मुदत २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ मध्ये आहे. कलम ६० खाली बिनबुडाची धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्हालाच कोर्टात जाता येतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. झेरॉक्सवाल्या दुकानाची दिल्ली विद्यापीठाची केस आठवत असेल, अभ्यासाच्या पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्सवरून प्रकाशकांनी लावलेली, २०१६ मध्ये हायकोर्टानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला, कलम ५२ मुळेच. आणि म्हणूनच हे कलम "स्पष्ट करू", "संतुलित करू" असं कुठे लिहिलेलं दिसलं की कान टवकारा, २०२१ च्या संसदीय समितीच्या अहवालातही या कलमात बदल सुचवलेले आहेत.

आता पैशाची बाजू. सेन्सॉरशिप म्हटलं की अनेक जण खांदे उडवतात, पण धंद्याचं नुकसान सगळ्यांना कळतं, म्हणून हे नीट मांडा. समजा मसुद्यात अपलोड होण्याआधीच मजकूर तपासणारा फिल्टर सक्तीचा केलाय. यूट्यूबनं त्यांच्या कंटेंट आयडीवर, म्हणजे गाणी-व्हिडिओ आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेवर, १० कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च केल्याचं कंपनीच सांगते. ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या चार पोरांनी मराठी ऑडिओसाठी अ‍ॅप काढलं तर ते हा खर्च कुठून करणार? म्हणजे कायद्यानं मोठ्यांना आवर घालायच्या नावाखाली त्यांचीच स्पर्धा संपवली. आणि एवढा खर्च करूनही ते चुकतंच. यूट्यूबच्याच अहवालात २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींवर क्लेम लागले, त्यातल्या ३७ लाखांवर लोकांनी वाद घातला आणि २२ लाखांत निकाल अपलोड करणाऱ्याच्या बाजूनं लागला. वाद घालणाऱ्या दहातले सहा जण जिंकले! आणि जे घाबरून गप्प बसले त्यांचा हिशोब कुठेच नाही.

आमच्या कामात हे कसं दिसतं ते सांगते. मंडळाची संध्याकाळची आरती लाइव्ह चाललेली असते, आरती पारंपरिक, म्हणणारे मंडळाचेच लोक, टाळ-झांजांचा आवाज, आणि कुठल्यातरी म्युझिक कंपनीनं त्याच आरतीचं रेकॉर्डिंग काढलेलं असतं म्हणून मशीनला चाल ओळखीची वाटते आणि क्लेम येतो, कधी आवाज म्यूट, कधी जाहिरातीचे पैसे भलतीकडे. वाद घातला की क्लेम सुटतो, बहुतेक वेळा सुटतोच, पण समोरच्याकडे उत्तर द्यायला ३० दिवस असतात. तोवर गणपती गावाला गेलेले असतात, स्थानिक दुकानदारानं ज्या दहा दिवसांसाठी जाहिरात दिली ते दहा दिवस संपलेले असतात. "नंतर दाद मागता येईल" असं कलम मसुद्यात असलं की हे उदाहरण द्या, कारण आपल्याकडे बरंचसं काम सणासुदीचं आणि सीझनचं आहे आणि उशिरा मिळालेला न्याय त्याच्या काही कामाचा नाही.

पुरावे आत्तापासून जमवा, मसुदा येईपर्यंत थांबू नका. स्ट्राइक किंवा क्लेमचा ईमेल डिलीट करू नका, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ मेल ठेवा. लिंक, तारीख, वेळ, कोणी क्लेम केला, किती सेकंदांसाठी, तुमचे व्ह्यूज आणि कमाई आधी काय होती आणि नंतर काय झाली, हे एका शीटमध्ये. महत्त्वाचं पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर सेव्ह करून ठेवा. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं, ते मूळ फाइल असेल तर सोपं जातं. एखादी साइट उघडत नसेल तर ती सगळ्याच नेटवर्कवर बंद आहे का ते बघा, घरचं वायफाय, शेजाऱ्याचं वायफाय, दोन वेगळ्या कंपन्यांचा मोबाइल डेटा, ऊनी प्रोब नावाचं फुकट अ‍ॅप हे पद्धतशीर तपासून नोंद ठेवतं. व्हीपीएन लावून काम भागवलं तर तुमचं भागतं, पण नोंद होत नाही.

स्ट्राइक चुकीचा असेल तर काउंटर नोटीस द्या, म्हणजे तक्रार चुकीची आहे असं यूट्यूबला रीतसर कळवा, मूग गिळून बसू नका. ती दिल्यावर समोरच्याला कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला कामकाजाचे १० दिवस मिळतात, नाहीतर व्हिडिओ परत येतो. फक्त लक्षात ठेवा की त्यात तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातो, त्यामुळे मुलगी एकटी राहत असेल किंवा समोरचा माणूस त्रास देणारा असेल तर आधी वकिलाशी बोला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल जाऊ शकतं, त्यामुळे एकाच वेळी तीन आले तर तो दबाव आहे असं समजून लगेच हालचाल करा.

आता हरकतीचं पत्र. मुंबईकरांना हरकती-सूचना नव्या नाहीत. २०१५ मध्ये विकास आराखड्याच्या मसुद्यात लोकांनी आपापल्या गल्लीतली चूक दाखवली, इथे मैदान आहे तुम्ही रस्ता दाखवलाय, इथे देऊळ आहे तुम्ही ते नकाशात धरलंच नाही, आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा रद्द करून नव्यानं काम करायला सांगावं लागलं. नुसतं "आराखडा लोकविरोधी आहे" असं लिहिलेल्या पत्रांनी हे झालं नसतं. इथेही तेच करायचं, कलमाचा नंबर, त्यातली चूक, तुमच्या कामावर होणारा परिणाम, आणि त्याऐवजी काय हवं. ते "त्याऐवजी" विसरू नका, कारण अधिकाऱ्याला फाइलवर लिहायला वाक्य लागतं आणि ते तुम्हीच तयार देऊन ठेवलेलं बरं. एक नमुना देते, कलमाचा नंबर उदाहरणादाखल:

"मी परळ इथे राहतो आणि सार्वजनिक मंडळांच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण करतो. पायरसीला माझा विरोध आहे आणि कलाकारांना त्यांचे पैसे मिळायलाच हवेत. मसुद्यातल्या कलम ७ (२) ला माझी हरकत आहे. या कलमानुसार तक्रार आल्यापासून २४ तासांत मजकूर काढायचा आहे, पण तो टाकणाऱ्याला आधी कळवायची किंवा त्याचं म्हणणं ऐकायची तरतूद नाही. गेल्या गणेशोत्सवात पारंपरिक आरतीच्या माझ्या स्वतःच्या चित्रीकरणावर चुकीचा दावा झाला, तो नंतर मागे घेतला गेला, तोपर्यंत उत्सव संपला होता. ईमेल आणि तारखा सोबत जोडल्या आहेत. सध्याच्या कायद्यात कलम ५२(१)(सी) खाली २१ दिवसांत कोर्टाचा आदेश न आल्यास मजकूर परत चालू करता येतो, नव्या मसुद्यात ती मर्यादा दिसत नाही. माझी सूचना अशी की (अ) मजकूर टाकणाऱ्याला त्याच वेळी कारणासह कळवावं, (आ) त्यानं प्रतिज्ञेवर उत्तर दिल्यास कोर्टाच्या आदेशाशिवाय मजकूर अडवू नये, (इ) २१ दिवसांची मर्यादा कायम ठेवावी आणि त्यानंतर मजकूर परत चालू करणं बंधनकारक करावं, (ई) जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मिळावी."

एवढंच, एका पानात. तुमच्याकडे दुसऱ्या कलमाबद्दल अनुभव असेल तर दुसरं पत्र लिहा. कॉपी-पेस्ट पत्रं शंभर गेली तरी ती एकच हरकत म्हणून मोजली जायची भीती असते, तेव्हा ग्रुपवर नमुना फिरवताना मधली अनुभवाची ओळ रिकामी ठेवा म्हणजे ज्याला त्याला स्वतःची लिहावीच लागेल. मराठीत लिहिलं तर चालतं का असं सगळे विचारतात. चालतं, राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार केंद्राकडेही राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. तरी दिल्लीतल्या माणसाला वाचता यावं म्हणून वर चार ओळींचा सारांश इंग्रजी किंवा हिंदीत टाका. मूळ पत्र मराठीतच राहू दे, त्यात तुम्हाला जे नेमकं सांगता येईल ते इंग्रजीत जमेलच असं नाही.

कुठे पाठवायचं हे मसुदा कोणाचा आहे त्यावर ठरतं. कॉपीराइट कायदा आणि त्याचे नियम वाणिज्य मंत्रालयाच्या डीपीआयआयटी या विभागाकडे, आयटी कायदा इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाकडे, सिनेमॅटोग्राफ आणि प्रसारण हे माहिती-प्रसारणकडे. २०१४ च्या केंद्राच्या धोरणानुसार मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायला हवा, कमी दिवस दिले असतील किंवा मसुदा निवडक लोकांनाच दाखवला असेल तर तीच पहिली हरकत. विधेयक संसदेत गेलं आणि स्थायी समितीकडे आलं की दुसरी संधी मिळते, कॉपीराइटसाठी वाणिज्य समिती, ती राज्यसभेच्या सचिवालयाकडे असते, आणि आयटी, सिनेमासाठी संचार व माहिती तंत्रज्ञान समिती, ती लोकसभेकडे. समित्या पेपरात आणि संसदेच्या साइटवर जाहिरात देऊन सूचना मागवतात आणि मुदत फार थोडी असते, म्हणून पीआरएस या संसदेच्या कामाची माहिती देणाऱ्या संस्थेची साइट आठवड्यातून एकदा तरी बघायची सवय ठेवा. ईमेलबरोबर स्पीड पोस्टही करा आणि पावती जपा.

एक सावधगिरी. एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी (इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवावं यासाठी) लोकांनी ट्राय या दूरसंचार नियामकाला दहा लाखांच्या वर ईमेल केले आणि ट्रायनं ते सगळे पाठवणाऱ्यांच्या ईमेल आयडीसकट साइटवर टाकून दिले. तुमचं पत्र जाहीर होणार असं धरूनच लिहा, मोबाइल नंबर आणि घरचा पूर्ण पत्ता मजकुरात नको, क्लायंटचं नाव त्याला विचारल्याशिवाय नको. ते आंदोलन मात्र यशस्वी झालं, फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी घातली.

खासदाराला भेटा. मुंबईत लोकसभेचे सहा आहेत, वर महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ जण आहेत, आणि खासदार अधिवेशन नसताना मतदारसंघातल्या ऑफिसात भेटतात, निदान त्यांचा पीए भेटतो, आणि पीएला समजावणं हेच खरं काम असतं. चार-पाच जण जा, वेगवेगळ्या धंद्यातले, एक मंडळाचा कार्यकर्ता, एक क्लासवाला, एक व्हिडिओवाला, आणि जमलं तर सिनेमात काम करणारा एक जण हवाच, कारण त्यानं "पायरसीनं माझं नुकसान होतं, तरी हे कलम मला नको" म्हटलं की त्या खोलीतली चर्चाच बदलते. हातात एकच पान द्या, खाली दोन प्रश्न तयार द्या जे खासदार संसदेत लेखी विचारू शकतील: गेल्या तीन वर्षांत कॉपीराइटच्या कारणावरून किती लिंक बंद केल्या, आणि त्यातल्या किती चुकीच्या म्हणून परत चालू केल्या. एकटा खासदारही बरंच करू शकतो, २०१२ मध्ये केरळचे पी. राजीव यांनी आयटी नियम रद्द करा म्हणून राज्यसभेत प्रस्ताव आणला, तो मंजूर झाला नाही पण सरकारला सभागृहात उत्तर द्यावं लागलं.

मोर्चाबद्दल मला अनेक जण विचारतात. जून २०१२ मध्ये आझाद मैदानात इंटरनेट सेन्सॉरशिपविरुद्ध तरुण पोरं मुखवटे घालून जमली होती, पेपरात फोटो आले, विषय घराघरात गेला, ते चांगलंच झालं. पण मद्रासचा आदेश स्पष्ट झाला तो इंटरनेट कंपन्या कोर्टात गेल्या म्हणून. मैदानात जायचं तर पोलिसांची परवानगी घेऊन जा, आणि कोणी साइट पाडायच्या, हॅक करायच्या गोष्टी करत असेल तर त्यापासून चार हात लांब राहा, तो आयटी कायद्याखाली गुन्हा आहे आणि तेवढ्या एका बातमीवर बाकी सगळ्यांची महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. बाहेरच्या देशातही बघा, अमेरिकेत सोपा आणि पिपा ही पायरसीविरोधी विधेयकं थांबली ती १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद राहिला आणि लोकांना त्या पानावरूनच आपल्या प्रतिनिधीला गाठायची सोय होती म्हणून, दोनच दिवसांत मतदान पुढे ढकललं. युरोपीय संसदेनं ४ जुलै २०१२ ला ४७८ विरुद्ध ३९ मतांनी अ‍ॅक्टा हा पायरसीविरोधी आंतरराष्ट्रीय करार फेटाळला. पण त्याच युरोपात २०१९ मध्ये ५० लाखांच्या पिटिशननंतरही कॉपीराइट डायरेक्टिव्ह (युरोपचा कॉपीराइट कायदा) ३४८ विरुद्ध २७४ नं पास झालं, तेव्हा सह्यांच्या आकड्यावर विसंबू नका.

मुदत संपली की माहिती अधिकार टाका. ऑनलाइन १० रुपये, उत्तराला ३० दिवस. किती हरकती आल्या, त्यांच्या प्रती, कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबरच्या बैठकांचं इतिवृत्त, हे तीनच मुद्दे विचारा. कॅबिनेटचे कागद निर्णय होईपर्यंत देत नाहीत, ते मागून अर्ज अडकवू नका. नियम असतील तर ते नंतर ३० दिवस संसदेसमोर ठेवावे लागतात, तेव्हा खासदाराकडे परत जा, तेच पान घेऊन.

आणि तरीही नियम लागू झाले तर हायकोर्ट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रकार निखिल वागळे आणि द लीफलेट या वेबसाइटच्या याचिकांवर मुंबई हायकोर्टानं आयटी नियमांतल्या काही भागाला स्थगिती दिली, आणि सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवायचा अधिकार देणारा फॅक्ट चेक युनिटचा नियम कॉमेडियन कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर आधी दोन न्यायाधीशांत मतभेद होऊन, तिसऱ्या न्यायाधीशांकडे जाऊन २० सप्टेंबर २०२४ ला रद्द झाला. एकट्यानं याचिका करायच्या फंदात पडू नका, खर्च आणि वेळ दोन्ही जातं, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन किंवा एसएफएलसी या डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांशी बोला, त्यांना नेहमी अशी माणसं हवी असतात ज्यांच्याकडे स्वतःच्या नुकसानीचे कागद आहेत. तिथे तुमची ती शीट, मूळ ईमेल, स्पीड पोस्टची पावती आणि हरकतीची प्रत एकाच फाइलमध्ये घेऊन जा, वकील पहिल्या भेटीत हेच मागतात.